समितीच्या आधी मुलांचा दिवस

प्रश्न असा आहे: एक संस्था काही वर्षांपासून एका वस्तीत पाणी, बचत गट आणि उपजीविकेचं काम करते. आता त्यात बालहक्क आणि बालसंरक्षणाची भर घालायची आहे. हाताशी असलेल्या मार्गदर्शिकेत पहिली पायरी म्हणून ‘बालसंरक्षण समिती स्थापन करा’ असं लिहिलं आहे. तिथूनच सुरुवात करावी का? समितीने नेमकं करायचं काय? आणि एखाद्या मुलाने आपल्यावर होणाऱ्या अत्याचाराबद्दल कार्यकर्त्याला सांगितलं, तर त्या क्षणी कसं वागायचं?

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. समिती लागेल, पण नंतर. आधी वस्तीतल्या मुलांचा दिवस कसा जातो ते बघा आणि तुमच्या चालू कामाने त्या दिवसात काय बदललं ते तपासा. मुलांचं भलं आणि नुकसान, दोन्ही बहुतेक वेळा अशा निर्णयांमधून होतं ज्यांच्या कागदावर ‘मूल’ हा शब्दही नसतो. नळ कुठे बसवायचा, पाणी किती वाजता सोडायचं, गटाची बैठक कधी घ्यायची, कर्ज कशासाठी द्यायचं. हे निर्णय तुम्ही आधीपासून घेत आहात, म्हणजे बालसंरक्षणाचं काम तुमच्याकडे आधीच सुरू आहे. ते नीट चाललंय की नाही, एवढंच अजून कुणी बघितलेलं नाही.

पाण्याचंच घ्या. युनिसेफने २०१६ मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार जगभरात ५ ते १४ वयाच्या मुली घरकाम, पाणी आणि सरपण यांवर त्याच वयाच्या मुलग्यांपेक्षा ४० टक्के जास्त वेळ घालवतात. नळ घराजवळ आला की हा वेळ सुटतो, हे खरं. पण पाणी शाळेच्या वेळेत येत असेल तर रांगेत पुन्हा तीच मुलगी उभी राहते. पाईप टाकून झाला, अहवाल गेला, आणि शाळेच्या हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजेरी वाढत गेली. बचत गटाची बैठक संध्याकाळी ठेवली तर धाकट्या भावंडांना कोण सांभाळतं, हे बैठकीत कुणी विचारत नाही, कारण सांभाळणारी दहा वर्षांची मुलगी बैठकीत नसते.

उपजीविकेच्या कामात तर जास्तच सावध राहावं लागतं. कर्ज घेऊन कुटुंबाने छोटा धंदा सुरू केला की माणूसबळ लागतं, आणि पहिल्या वर्षात मजुरी द्यायला पैसा नसतो. मग घरातल्या मुलांचे हात कामाला येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२० च्या अंदाजानुसार जगात १६ कोटी मुलं बालमजुरीत होती आणि त्यांतली जवळजवळ तीन चतुर्थांश मुलं कुटुंबाच्याच शेतीत किंवा धंद्यात राबत होती. २०२४ च्या अंदाजात हा आकडा १३.८ कोटींवर आला; ही घट मोठी आहे, पण यांतही ५.४ कोटी मुलं धोकादायक कामात आहेत. बालमजुरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कारखाना आणि निर्दयी मालक येतो. प्रत्यक्षात ते काम बरेचदा प्रेम करणाऱ्या आईबापांच्या डोळ्यांदेखत, नाइलाजाने चालतं. म्हणून कर्जाच्या अर्जात एक साधा प्रश्न वाढवा: या धंद्यात कोण कोण काम करणार, दिवसाचे किती तास? उत्तरात मूल आलं तर कर्ज नाकारू नका. परतफेडीचे हप्ते उशिरा सुरू करता येतील का, पाळणाघराची सोय होईल का, काम हलकं करणारं अवजार देता येईल का, हे बघा. शाळा सांभाळून घरात थोडा हातभार लावणं वेगळं आणि शाळा, झोप, खेळ खाऊन टाकणारं काम वेगळं. हा फरक कार्यकर्त्यांना स्वच्छ कळला पाहिजे, नाहीतर पालक त्यांच्याशी बोलणंच बंद करतात.

मुलांचा दिवस समजून घ्यायचा तर मुलांबरोबर बसावं लागतं. मोठा कागद घ्या, उठल्यापासून झोपेपर्यंतचे तास मांडा आणि प्रत्येक तासाला तीन गोष्टी विचारा: कुठे असता, कुणाबरोबर असता, तेव्हा कोणतं मोठं माणूस जवळ असतं? मग वस्तीचा नकाशा काढायला सांगा आणि आवडत्या, कंटाळवाण्या, भीती वाटणाऱ्या जागा वेगवेगळ्या रंगांत रंगवायला द्या. मुलगे आणि मुली वेगळे बसवा. लहान आणि किशोरवयीनही वेगळे. जे शाळेत दिसतात तेवढ्यांवर थांबू नका. कामाला जाणारी मुलं, अपंग मुलं, नातेवाइकांकडे ठेवलेली मुलं, नुकतीच स्थलांतर करून आलेली मुलं यांच्यापर्यंत मुद्दाम जावं लागतं, कारण ज्यांचा दिवस सगळ्यात खडतर असतो ती मुलं आपण बोलावलेल्या बैठकीला कधीच येत नाहीत.

इथे एक पथ्य फार कसोशीने पाळा. गटात बसलेल्या मुलाला ‘तुझ्यावर कधी कुणी जबरदस्ती केली का’ असं विचारायचं नाही. ‘तुमच्या वयाच्या मुलांना इथे कशाची भीती वाटते’ इतकंच विचारायचं. मूल स्वतःहून आपल्याबद्दल बोलू लागलं तर त्याला हळुवारपणे थांबवा, ‘हे मला नीट ऐकायचंय, खेळ संपला की आपण दोघं बोलू’ म्हणा, आणि ते खरोखर बोला. चार मित्रांसमोर उघडी झालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वस्तीभर होते आणि त्याची किंमत ते मूल मोजतं. म्हणून असा उपक्रम सुरू करण्याआधीच, मुलाने काही सांगितलं तर पुढे कुणाकडे जायचं, ते ठरलेलं असलं पाहिजे. मदतीचा रस्ता तयार नसताना मुलांना मनातलं बोलायला लावणं मला मान्य नाही.

दिवसाच्या तासांत डोकावल्याने काय हाती लागतं याचं माझ्या दृष्टीने सर्वोत्तम उदाहरण बांगलादेशात आहे. तिथे एक ते चार वर्षांची मुलं घराजवळच्या तळ्या-डबक्यांत बुडून मोठ्या संख्येने मरत होती. अभ्यासकांनी वेळा तपासल्या तेव्हा कळलं की बरेचसे मृत्यू सकाळच्या चार-पाच तासांतले आहेत. त्या वेळात आई कामात बुडालेली, वडील बाहेर, मोठी भावंडं शाळेत. मग गावातल्याच प्रशिक्षित बाईच्या घरी सकाळी नऊ ते एक चालणारी छोटी बालकेंद्रं उभी राहिली आणि त्यांत येणाऱ्या मुलांचे बुडून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. शाळेआधीच्या वयाच्या मुलांसाठी पाण्यापासून दूर, देखरेख असलेली जागा हा उपाय आता जागतिक आरोग्य संघटनाही सुचवते. इथे कुणी आईला बेजबाबदार ठरवलं नाही. तिच्या दिवसात जे चार तास निसटत होते ते गावाने उचलून धरले. समुदाय विकास आणि बालसंरक्षण हे एकच काम कधी होतं, ते इथे दिसतं.

हक्कांची चौकट कार्यकर्त्यांना माहीत असावी, पण ती पाठ करून वस्तीत म्हणून दाखवू नये. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत ५४ कलमं आहेत. तुमच्या रोजच्या कामात त्यांतली पाच-सहा पुरतात: भेदभाव नको (कलम २), मुलाचं हित प्रथम (३), मुलाचं म्हणणं ऐकायचं (१२), हिंसेपासून संरक्षण (१९), पुरेसं राहणीमान (२७) आणि खेळ व विश्रांती (३१). आणखी एक कलम मला महत्त्वाचं वाटतं, ते १८वं. मूल वाढवण्याची पहिली जबाबदारी आईवडिलांची आहे आणि त्यांना त्यात मदत करणं सरकारचं काम आहे, असं ते सांगतं. पालकांशी बोलताना हे कलम मनात असलं की आपला सूर आपोआप बदलतो. आरोप करणारा माणूस आणि पाठीशी उभा राहणारा माणूस यांतला फरक लोकांना पहिल्या वाक्यात कळतो.

आता समितीकडे येऊ. प्रत्येक वस्तीत मुलांना सांभाळणाऱ्या काही व्यवस्था आधीपासून असतात. रडणारं मूल धावत जाऊन जिच्या घरात शिरतं अशी एक शेजारीण असते. एखादे शिक्षक असतात, ज्यांच्या शब्दाला दारुडा बापही मान देतो. त्याच वेळी, अत्याचार दडपणाऱ्याही व्यवस्था असतात, आणि कधीकधी दोन्ही एकाच माणसात सापडतात. बाहेरून आलेली संस्था हे सगळं न बघता समिती नेमते तेव्हा तिच्यात बहुधा तेच पुढारी येऊन बसतात जे सगळ्या समित्यांत असतात. अशा सामुदायिक बालसंरक्षण गटांबद्दलच्या दीडशेहून अधिक दस्तऐवजांचा मानसशास्त्रज्ञ मायकेल वेसेल्स यांनी २००९ मध्ये आढावा घेतला. परिणाम टिकण्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांना आढळली ती लोकांची मालकी. ‘हे आमचं काम आहे’ असं लोकांना वाटत होतं तिथे गट टिकले. ‘हे संस्थेचं काम, आम्ही मदत करतो’ अशी भावना होती तिथे निधी संपला की गटही संपले. सुरुवातीलाच फार पैसा ओतला तर ही मालकी मरते, असंही त्या आढाव्यात आहे.

सिएरा लिओनमध्ये पुढे हाच धडा घेऊन वेगळ्या पद्धतीने काम झालं. मुलांना होणाऱ्या कोणत्या त्रासावर काम करायचं, हे संस्थेने न ठरवता गावांना ठरवू दिलं. चर्चा महिनोन् महिने चालली. गावांनी निवडला तो विषय होता किशोरवयीन मुलींचं गरोदरपण. बाहेरच्या माणसाने तो पहिल्या दिवशी मांडला असता तर लोक उठून गेले असते. स्वतः निवडल्यामुळे पालक मुलांशी बोलायला लागले, मुलांनी नाटुकली बसवली, आरोग्य केंद्राशी दुवा जोडला गेला. तुमच्या देणगीदाराला या संथ गतीची कल्पना आधी द्या. सहा महिन्यांत समिती दाखवायचीच असेल तर ती कागदावरच असेल.

रूढींच्या बाबतीत तर समुदायाशिवाय पर्यायच नाही. सेनेगलमधल्या मालिकूंडा बांबारा गावातल्या बायकांनी आरोग्य आणि हक्कांबद्दलच्या वर्गात शिकल्यावर १९९७ मध्ये मुलींची सुंता बंद करण्याचं जाहीर केलं. तेव्हा डेंबा दियावारा या वयोवृद्ध इमामांनी एक मोलाची गोष्ट सांगितली. ज्या गावांशी सोयरीक होते त्या सगळ्यांनी मिळून ठरवल्याशिवाय एकटं गाव हे टिकवू शकणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते स्वतः गावोगाव हिंडले, आणि पुढच्याच वर्षी तेरा गावांनी एकत्र जाहीर निर्णय घेतला. यामागचं कारण नीट समजून घ्या. अशा प्रथा आईबाप क्रूर असतात म्हणून चालत नाहीत. एकट्या घराने प्रथा मोडली तर मुलीचं लग्न होणार नाही, ही भीती तिच्यामागे असते. बालविवाहाचंही असंच. एका घराला कितीही समजावलं तरी ती भीती जात नाही. ज्यांच्या मतामुळे ती भीती वाटते त्या सगळ्यांनी मिळून बदलल्यावरच ती जाते. तुमच्या वस्तीतली सोयरीक कुठल्या कुठल्या वस्त्यांशी आहे, हे शोधणं मग पोस्टर छापण्यापेक्षा जास्त उपयोगाचं ठरतं.

एवढं झाल्यावर समिती करा. तिच्यात मुलांनी नकाशावर दाखवलेली विश्वासाची माणसं असू द्या, निम्म्याहून अधिक बायका असू द्या, आणि मुलांना ज्यांची भीती वाटते अशी माणसं, ती कितीही वजनदार असोत, नकोत. तिच्या कामाची हद्द लिहून ठेवा. समितीने धोक्याच्या जागा दुरुस्त करून घ्याव्यात, शाळेतून गळालेल्या मुलांच्या घरी जावं, अडचणीतल्या कुटुंबाला योजनांपर्यंत पोहोचवावं, मदतीचे दूरध्वनी क्रमांक सगळ्यांना माहीत करून द्यावेत आणि अत्याचाराची शंका आली तर ती योग्य यंत्रणेकडे पोहोचवावी. चौकशी, निवाडा आणि तडजोड तिने करू नये. काही देशांत स्थानिक पातळीवर कायद्याने अधिकार दिलेली मंडळं असतात. ब्राझीलमध्ये १९९० च्या बालक व किशोर कायद्याखाली प्रत्येक नगरपालिका क्षेत्रात स्थानिक लोकांनी निवडलेल्या पाच सदस्यांचं असं मंडळ असतं आणि त्याला ठरलेले अधिकार असतात. तुमचे स्वयंसेवक म्हणजे असं मंडळ नव्हे. हे त्यांना आणि वस्तीला दोघांनाही कळलं पाहिजे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर मी सविस्तर लिहिते, कारण इथे चुकलेलं दुरुस्त करणं कठीण असतं.

मूल सांगू लागलं की हातातलं काम ठेवा आणि त्याच्या उंचीला बसा. चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका. आपल्याला फार वाईट वाटलंय असं दिसलं तर मूल आपल्याला जपण्यासाठी गप्प होतं. ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काहीच चूक नाही’ ही दोन वाक्यं नक्की म्हणा. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही, आणि मोडलेलं वचन त्या मुलाच्या आयुष्यात आणखी एक विश्वासघात ठरेल. त्याऐवजी खरं सांगा: ‘तुला मदत करू शकतील अशा मोजक्या माणसांनाच मी सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन.’

खोदून विचारू नका. ‘आणखी काही सांगायचंय का’ एवढं पुरे. ‘तो अमुक काका होता का’, ‘त्याने असं केलं का’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न मुलाला त्रास देतात आणि पुढे त्याची साक्षही कमकुवत करतात. तपशील काढणं प्रशिक्षित माणसाचं काम आहे. मुलाला तेच तेच वेगवेगळ्या कचेऱ्यांत सांगावं लागू नये म्हणून आइसलँडमध्ये १९९८ पासून ‘बार्नाहूस’ नावाची व्यवस्था आहे. तिथे प्रशिक्षित व्यक्ती एकदाच बोलते, पोलीस, वकील आणि बालकल्याण अधिकारी दुसऱ्या खोलीतून ऐकतात, आणि वैद्यकीय तपासणी व समुपदेशन त्याच घरात होतं. तुमच्याकडे अशी सोय नसली तरी त्यामागचं तत्त्व पाळता येतं: जितक्या कमी माणसांना सांगावं लागेल तितकं चांगलं. जखम दाखवायला लावू नका, फोटो काढू नका.

मग पहिला विचार करायचा तो आज रात्रीचा. ज्याच्यावर आरोप आहे तो त्याच घरात आहे का? असेल तर आईवडिलांना निरोप धाडणंही धोक्याचं ठरू शकतं. आधी बालसंरक्षण अधिकारी, मदतवाहिनी किंवा पोलीस. आरोप असलेल्या माणसाला जाब विचारायला तर अजिबात जाऊ नका. राग येतो, तो खराच असतो, पण जाब विचारल्याने फक्त तो सावध होतो आणि मूल एकटं पडतं. लैंगिक अत्याचार असेल तर दवाखान्याची घाई करा. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी उत्तम. गर्भधारणा टाळणाऱ्या तातडीच्या गोळ्याही १२० तासांच्या आतच उपयोगी पडतात. ‘आधी गावात बोलू, मग बघू’ यात हे तास निघून जातात.

त्याच दिवशी लिहून ठेवा. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळेसह, आणि तुमचा अंदाज वेगळ्या ओळीत. कागद कुलूपबंद. कळवणं बंधनकारक आहे का आणि कुणाला कळवायचं, हे देशागणिक बदलतं. तुमच्या देशाचा कायदा स्थानिक वकिलाकडून समजून घेऊन एका पानावर लिहा आणि प्रत्येक कार्यकर्त्याकडे ते पान असू द्या. काही दिवसांनी मूल ‘तसं काही झालंच नव्हतं’ म्हणालं तर ते खोटारडं आहे असं समजू नका. घरच्यांचा दबाव, घर मोडण्याची भीती, आईचे अश्रू यांमुळे मुलं सांगितलेलं मागे घेतात. तुमचं येणं-जाणं चालू ठेवा, म्हणजे पुन्हा सांगावंसं वाटलं तर दार उघडं असेल.

तडजोडीचा दबाव येणारच. कधी पैशाच्या रूपात, कधी ‘मुलीच्या बदनामीचा विचार करा’ या काळजीच्या भाषेत, आणि सगळ्यात अवघड म्हणजे तुमच्याच गटातल्या चांगल्या माणसाकडून. अशा वेळी कार्यकर्त्याने एकट्याने उत्तर देऊ नये. संस्थेचं लेखी धोरण पुढे करावं: मुलावरच्या अत्याचारात आम्ही मध्यस्थी करत नाही. हे धोरण प्रकरण घडण्याआधी वस्तीत जाहीर झालेलं असलं तर कार्यकर्त्याला जागेवर भांडावं लागत नाही.

एक गैरसमज काढून टाकायला हवा. धोका दिसला की मुलाला उचलून संस्थेच्या वसतिगृहात ठेवणं म्हणजे संरक्षण, असं पुष्कळांना वाटतं. जिवाला धोका असेल तर तात्पुरतं हलवावंच लागतं. पण संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पर्यायी संगोपनविषयक (म्हणजे आईवडिलांच्या देखभालीबाहेर वाढणाऱ्या मुलांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे की केवळ गरिबीमुळे मुलाला कुटुंबापासून तोडू नये. गरिबी हा त्या कुटुंबाला आधार देण्याचा इशारा समजावा. रोमानियाच्या अनाथालयांतल्या मुलांवर २००० साली बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या संशोधनातही कुटुंबात ठेवलेल्या मुलांची वाढ अनाथालयात राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली, आणि जी मुलं दोन वर्षांच्या आत कुटुंबात आली त्यांना बऱ्याच बाबतींत जास्त फायदा झाला. तुमच्याकडे उपजीविकेचं काम आहे, ही इथे मोठी जमेची बाजू. ज्या घरातून मूल बाहेर पाठवण्याची चर्चा सुरू आहे त्या घराला गटाच्या यादीत सर्वांत वर घ्या.

मारहाणीबद्दलही बोललं पाहिजे, कारण मुलांवरची बहुतेक हिंसा अनोळखी माणसाकडून होत नाही, ती घरात शिस्तीच्या नावाखाली होते. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार पाच वर्षांखालची जवळजवळ ४० कोटी मुलं, म्हणजे दहातली सहा, घरी नियमितपणे मार किंवा मानहानी सोसतात. स्वीडनने १९७९ मध्ये मुलांना मारायला कायद्याने बंदी केली, तसं करणारा तो पहिला देश, आणि त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापून घरोघरी पोहोचवली. पालकांना उपदेश करू नका, पर्याय द्या. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात ४० वस्त्यांमध्ये किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या पालकांसाठी १४ सत्रांचा एक कार्यक्रम तपासला गेला. राग आवरणं, एकत्र वेळ घालवणं, घरात नियम ठरवणं यांबरोबर त्यात घरखर्चाचं नियोजन आणि बचतही होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांवरची मारहाण घटलेली आणि पालकांचं लक्ष वाढलेलं दिसलं. तुमच्या बचत गटांत अशी सत्रं सहज बसतील. महिनाअखेरीच्या तंगीत जो हात मुलावर उठतो त्याचा आणि घरातल्या पैशाचा संबंध बायकांना कुणी समजावून सांगावा लागत नाही.

मुलांच्या सहभागाबद्दल थोडक्यात. या विषयाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आणि तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं, यांना सहभागच मानलं नाही. पाहुण्यांसमोर मुलांकडून घोषणा म्हणवून घेण्याची जागा तिथे, खाली आहे. मुलांना एखादा खरा निर्णय द्या: पाणी सोडण्याची वेळ, खेळाच्या जागेची आखणी, रस्त्यावरचे दिवे कुठे हवेत. आणि त्यांनी सुचवलेलं जमलं नाही तर का जमलं नाही ते त्यांना परत जाऊन सांगा. हे परत जाणं सगळ्यात जास्त राहून जातं.

आणि आधी आपलं घर. संस्थेचा माणूस मुलांपर्यंत सहज पोहोचतो, म्हणून त्याचा धोकाही खरा असतो. नेमणुकीआधी पूर्वीच्या ठिकाणी चौकशी करा, एकट्या मुलाबरोबर एकटा मोठा माणूस बंद खोलीत नको, परवानगीशिवाय फोटो नको आणि अडचणीतल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो परवानगी असली तरी नको. आपल्याच कार्यकर्त्याविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची, हे वस्तीतल्या आठ वर्षांच्या मुलाला सांगता आलं पाहिजे. त्याला सांगता येत नसेल तर तुमच्याकडे तक्रारीची सोय नाही, धोरणाची फाइल कितीही जाड असो.

शेवटचा मुद्दा मोजमापाचा, कारण देणगीदार तो विचारणारच. किती बैठका झाल्या, किती पत्रकं वाटली, हे मोजू नका. वर्षातून दोनदा मुलांचा दिवस पुन्हा मांडा आणि तुलना करा: पाण्याला जाणारा वेळ, कामाचे तास, खेळाचा वेळ, नकाशावरच्या भीतीच्या जागा. ‘त्रास झाला तर कुणाला सांगशील’ या प्रश्नाला किती मुलं एखाद्या माणसाचं नाव घेतात ते बघा. तक्रार आल्यापासून मदत मिळेपर्यंत किती दिवस गेले, ते प्रत्येक प्रकरणात लिहा. आणि पहिल्या वर्षी नोंदवलेल्या तक्रारींची संख्या वाढेल, असं देणगीदाराला प्रकल्प सुरू होण्याआधीच लेखी कळवा. ती वाढ बहुतेक वेळा मुलं बोलू लागल्याची खूण असते, पण आधी कळवलेलं नसेल तर अहवालात ती अपयश म्हणून वाचली जाते आणि पुढच्या वर्षी कार्यकर्त्यांवर तक्रारी कमी दाखवण्याचा दबाव येतो.